नरम आधी खा

ऑडिट अडीचलाच आटोपलं, गाडी सहाची.
हातात साडेतीन तास,
घडीवर घडी घालून रुमालाएवढी झालेली पिशवी
आणि चिपळूणपासून सोबत आलेला
मेधा खातूचा सल्ला:
स्टेशनसमोर काही घ्यायचं नाही.
पहिला भाव ऐकून हसायचं नाही, चिडायचंही नाही,
नुसतं शेजारच्या ढिगाकडे बघायचं.

बर्डीवर चपला फुटपाथभर.
'दोनशे, दोनशे' ओरडणाऱ्या पोराला मी विचारलं,
"केवढ्याला हो ही?"
त्या 'हो'मध्येच माझं गाव निघालं असावं.
अडीचशे, म्हणाला.
मी शेजारच्या ढिगाकडे बघितलं.
तो ढीगही त्याचाच होता.

इतवारीत ऊन गल्लीतच अडकलेलं.
परात्यांच्या दुकानात एक सुती साडी,
काठ उलटा करून पाहिला,
मागच्या बाजूलाही धागा तितकाच नीट.
घासाघीस करायला तोंड उघडणार,
तोच म्हातारा बिलबुकावरून मान वर न करता म्हणाला,
"उलटी बाजू पाह्यता, म्हंजे समजते तुमाले.
मंग जास्तीचा भाव कायले सांगू?"
आणि शंभर कमी लिहिले.
मी मागितले नव्हते.
मेधाच्या सल्ल्यात याची सोयच नव्हती.

पाच वाजत आले तेव्हा संत्र्याच्या बाजारात.
पायाखाली गवताचा पेंढा, ओल्या सालीचा वास,
हमाल 'बाजू बाजू' करत अंगावरून जाणारे.
ज्याला सगळे श्रावणभाऊ म्हणत होते,
त्यानं भाव सांगायच्या आधी मलाच विचारलं,
"घरी खाचे का गाडीतून न्याचे?"
न्यायचे, म्हटलं. लांब, कोकणात.
मग त्यानं सैल सालीचे बाजूला सारले,
गच्च सालीचे एकेक तळहातावर तोलून घेतले,
जणू कुणाच्या तरी तान्ह्या पोराचं डोकं.

मी तरी वीस रुपये पाडलेच.
सवय. शिवाय हिशेबाची माणसं आम्ही.

"कोकणात आलो होतो मी बी," तो पिशवी भरता भरता.
"पोराले बंदरावर नोकरी लागली होती. मे महिना.
येतानी हापूसची पेटी घेतली, मोठ्या हौसेनं.
वर सहा चांगले, खाली पेंढा,
पेंढ्याखाली कोवळ्या कैऱ्या.
बायको म्हणे, आंबे आणाले गेलते का लोणचं आणाले?"
हसला. मीही हसले, जरा उशिरा.
कुठल्या दुकानातून, हे विचारायचं होतं.
नाही विचारलं. चिपळुणात एक दुकान
माझ्या आत्येभावाचंही आहे.

पिशवीचं तोंड बांधता बांधता थांबला.
हात आत घालून एक संत्रं वर काढून ठेवलं,
"हे एका बाजूनं नरम आहे. बदलून देतो म्हणान तर देतो,
पण गोड आहे, आधी हे खाजा."

वीसची नोट मी परत त्याच्यापुढे धरली.
घेतली नाही त्यानं.
"ठरलं ते ठरलं, बाई. आता मोडू नका."

वर्धा गेलं. खिडकीशी अंधार.
समोरच्या बाकावरचे काका म्हणाले,
स्टेशनवर याहून पंधराला स्वस्त होते, काय हो तुम्ही.
मी काही बोलले नाही.
नरम बाजू अंगठ्यानं चाचपली, साल तिथूनच सुटली.
एक फोड आंबूस निघाली, बाकीच्या गोड.
काकांना दोन दिल्या.
बिया कागदात बांधल्या आणि वही काढली:
साडी, चप्पल, रिक्षा, संत्री.
संत्र्यांपुढचा आकडा लिहून झाला,
तरी पेन तिथेच टेकलेलं,
बडनेरा येईपर्यंत.